गुळाची तरतूद

आमचे हे दहा महिने अमेरिकेत राहून आले, तेव्हा पुसदच्या कोर्टात त्यांच्याइतका शहाणा वकील दुसरा नाही, असं मत एकमताने मंजूर झालं होतं. मत देणारे ते एकटेच होते.

जाण्याआधी पुंडलिकराव म्हणजे चारचौघांसारखा माणूस. ढाणकीकडच्या कापूसवाल्या घरातला, 'मले-तुले' बोलणारा, ताटात ठेचा नसला तर रुसणारा. परत आले ते छापील बोलत आले. चहा हवा असला तरी "विमल, चहाची व्यवस्था होऊ शकेल का?" असं विचारायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणी पाहुणे यायचेत. रेडिओच्या वर एक तसबीर लागली. पांढरे खांब, पांढऱ्या पायऱ्या, वर पांढरं छप्पर. मी देऊळ समजून उदबत्ती लावली, तर हे ओरडले. ते अमेरिकेचं सगळ्यात मोठं कोर्ट होतं.

त्या कोर्टाची गोष्ट मला इतक्यांदा ऐकवली गेली की मी ती झोपेतही सांगेन. तिथं लोकांनी निवडून दिलेल्या सभेनं एखादा कायदा केला आणि तो देशाच्या घटनेशी जुळला नाही, तर हे कोर्ट तो कायदा उचलून फेकून देतं. याला म्हणायचं न्यायालयीन पुनर्विलोकन. आपणही ते आपल्या घटनेत आणलंय, पण यांचं म्हणणं असं की ते दिल्लीत आणि हायकोर्टात अडकून पडलंय, ते तळापर्यंत उतरलं पाहिजे. तिथल्या एका प्रोफेसरला यांनी शब्द देऊन ठेवला होता, की आमच्याकडच्या एखाद्या अगदी मागास वस्तीत मी हे रुजवून दाखवतो आणि त्यावर लेख पाठवतो. म्हणजे लेख ठरलेला होता. वस्ती तेवढी शोधायची बाकी होती.

"मंग आपल्या घरी कोण करते फेरतपासणी?" मी एकदा विचारलं. "तुमी निकाल देला अन् तो चुकला, तं म्या कोणाकडं जाव?"

हे हसले. "घर म्हणजे राज्य नव्हे, विमल."

माझ्या विचारण्याला कारण होतं. अमेरिकेला निघताना यांनी आमच्या हंसाला नागपूरच्या बोर्डिंगात टाकलं होतं. पोरगी आठ वर्षांची. मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. दहा महिन्यांपुरतं, असं म्हणाले होते. हे परत आले, पण पोरगी आली नाही. तिथलं वळण चांगलं लागतंय, म्हणाले. सुटीत आली की ती मलाही "तुम्ही" म्हणायची आणि ताट पुसून ठेवायची. त्या वळणाचा मला इतका राग यायचा की मी तिच्यासमोर मुद्दाम भुरके मारून कढी प्यायची.

असो. वस्ती सापडली. फुलसावंगीच्या बाजूला रूपसिंग नाईकाचा तांडा होता. ही बंजारा माणसं. यांच्या आजा-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. मग रेल्वे आली, रस्ते झाले, धंदा बसला, आणि त्यांनी बैल नांगराला जुंपून तिथंच घरं घातली. तांड्याचा प्रमुख तो नाईक. भांडणतंटा झाला की नाईक बैठक बसवतो, तिला म्हणतात नसाब. रूपसिंगाचा जमिनीचा एक दावा यांनी जिंकून दिला होता, त्यामुळे तो यांना देवच मानायचा. देवानं काय मागावं, तर तांडा मागितला.

रूपसिंग भाबडा. "तुमचंच हाय, साहेब," म्हणाला.

मग यांनी म्हाताऱ्या-कोताऱ्यांना लिंबाखाली बसवलं आणि तांड्याचे रिवाज लिहून घेतले. रिवाज म्हणजे घटना. नसाबचा निकाल या घटनेशी जुळला नाही, तर तो रद्द करायला वर तिघांचं मंडळ. मंडळात हे स्वतः, फुलसावंगीचे एक शाळामास्तर आणि एक पेन्शनीतले पटवारी. तांड्यातलं कोणीच नाही. मी विचारलं काहून, तर म्हणाले, न्यायाधीश तटस्थ हवा. मास्तर आणि पटवारी तटस्थ होते खरे. त्यांना तांड्याबद्दल काडीची माहिती नव्हती.

मी तिथं होते, कारण बायांच्या बाजूचं टिपण मी घ्यावं अशी आज्ञा होती. लिहिता लिहिता विधवेच्या लेकराचा रिवाज आला. एक म्हातारा म्हणाला, मागं राहिलेल्या बाईनं धाकट्या दिराचं घर करावं, म्हणजे त्याच्याशी पाट लावावा. नाही केलं आणि ती माहेरी गेली, तर लेकरू बापाच्या घरी राहते. यांनी ते झरझर लिहिलं. मागं बायांमध्ये भुरीबाई बसली होती, रूपसिंगाची बायको. तिला सगळे नायकण म्हणत. तंबाखू मळता मळता ती म्हणाली, "असं असते. पण नेमी नसते."

"म्हणजे?" यांनी विचारलं.

"म्हंजे पाहा लागते न, बाप्पा. बाई कशी, दीर कसा, लेकरू किती मोठं. थे बी लिवा."

"कायद्यात 'नेहमी नसते' असं लिहिता येत नाही, भुरीबाई."

"मंग लिवू नोका," ती म्हणाली.

यांनी लिहिलं. पहिलं वाक्य लिहिलं, दुसरं सोडलं. पुसदच्या छापखान्यातून पिवळ्या कागदावर छापून आणलं, वर रूपसिंगाचं नाव ठळक. रूपसिंगाला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठं आहे ते त्यानं बोटानं विचारून घेतलं आणि दिवसभर त्या जागेवरून बोट फिरवत राहिला. कलम बदलायचं असेल तर वर्षभर थांबावं लागेल, हेही आत होतंच. ते मात्र कोणी विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात जमनीचा तंटा निघाला.

जमनी म्हणजे धावजीची सून. धावजीचा थोरला मुलगा डोंगरसिंग आदल्या साली तापानं गेला. मागं जमनी आणि पाच वर्षांची पोरगी, सुखी. धाकटा दीर खेमसिंग बायको नसलेला, पण बैलांना ज्या हातानं मारायचा तो हात अख्ख्या तांड्यानं पाहिलेला. जमनी म्हणाली, मी त्याचं घर करत नाही, मी ढाणकीकडं भावाच्या तांड्यात जाते. धावजी म्हणाला, जा, पण पोरगी इथं राहील. जमनी म्हणाली, मग मी विहिरीत जाते. नसाब बसला.

तो नसाब मी पाहिला, आणि खरं सांगते, कोर्टाच्या आवारात आयुष्य गेलेल्या माणसाच्या बायकोला तो तमाशाच वाटावा. सगळे एकदम बोलत होते. मधेच कोणी उठून बैलाला पाणी पाजून यायचा आणि मधलं काही न ऐकता पुन्हा ओरडायला लागायचा. बाया मागं बसायच्या, पण आवाज त्यांचाच जास्त. वीस वर्षांपूर्वीची भांडणं निघाली. धावजीच्या आईनं कोणाच्या सुनेला ताक दिलं नव्हतं, तेही निघालं. आमचे हे खुर्चीवर बसून कपाळाला हात लावत होते. "कार्यपद्धती नावाची वस्तूच नाही," असं मला दोनदा म्हणाले. नसाब काही देवाचा दरबार नव्हता, हेही सांगून टाकते. ज्याच्या मागं माणसं जास्त, त्याचं तिथं जास्त चालायचं, आणि गरिबाला दंड लवकर बसायचा. पण दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ओरडून ओरडून ते सगळे एका जागी येत होते. धावजीला सून नको होती, शेताचा तुकडाही नको होता. त्याला पोरगी हवी होती, कारण ती हसली की डोंगरसिंग हसल्यासारखी दिसायची. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. भुरीबाईनंच त्याच्या तोंडावर सांगितलं, तेव्हा तो म्हातारा सगळ्यांदेखत पागोट्याच्या शेवात तोंड घालून रडला.

मग निकाल अर्ध्या घटकेत झाला. सुखी आईजवळ राहील. होळीला आणि श्रावणातल्या तीजेच्या सणाला ती आज्याच्या घरी येईल. तिचं लग्न धावजीच्या दारातून लागेल, आणि डोंगरसिंगाच्या नावानं लागेल. भुरीबाईनं गूळ आणला. तांड्याची रीत अशी, की दोन्ही बाजूंनी सगळ्यांसमोर गूळ तोंडात घातला की तंटा मिटला. जमनीनं खाल्ला. धावजीनं खाल्ला, आणि उरलेला खडा सुखीच्या तोंडात घातला. मीही रडले. आमचे हे टिपण लिहीत होते.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण लेखाला खटला हवा होता.

दोन दिवसांनी धावजी फुलसावंगीच्या बाजारात भेटला. हे मास्तरांकडं मुक्कामाला होते, मीही होते. चहा देताना मी कानांनी ऐकलं.

"धावजी, झाल्या निकालात तुमच्यावर काही अन्याय झाला, असं वाटतं का?"

धावजी विचारात पडला. पाच वर्षांची नात दूर जाणार, कोणत्या आज्याला बरं वाटेल? "वाटते न साहेब, थोडंसं," तो म्हणाला.

"मग तुम्हाला अर्ज करण्याचा अधिकार आहे."

"पन म्या गूळ खाल्ला."

"गूळ खाल्ल्यानं मूलभूत अधिकार जात नाही," हे म्हणाले. शेजारी खेमसिंग उभा होता. त्याचे डोळे चमकले. भावजय नाही तर नाही, पण तिचा माज उतरवायची संधी कशाला सोडतो? संध्याकाळपर्यंत त्यानं म्हाताऱ्याचा अंगठा अर्जावर उठवून आणला. अर्ज कोणाच्या अक्षरात होता, ते मी सांगायला नको.

त्या दिवशी जेवताना मी भांडले.

"तुमी थ्या लेकराले मायपासून तोडून राह्यले. समजते काय तुमाले?"

"मला वाईट वाटतं, विमल. माझी सहानुभूती जमनीकडंच आहे." यांनी घास खाली ठेवला. ते खोटं बोलत नव्हते, हेच तर वाईट. "पण न्यायाधीशानं मन आणि घटना वेगळी ठेवायची असते. नसाबनं आज भावनेच्या भरात कलम मोडलं. उद्या दुसरं मोडतील. मग लिहिलेल्याला अर्थ काय?"

"मंग लिवलेलं बदला."

"वर्षानं बदलता येईल."

"वर्षानं थे पोरगी मायचं तोंड विसरून जाईन!" मी म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांसमोर सुखी नव्हती, ताट पुसून ठेवणारी हंसा होती. मी त्यांना भाजी वाढली नाही. तेवढाच माझा अधिकार होता.

मंडळ बसलं त्या दिवशी फुलसावंगीच्या शाळेतून बैलगाडीत तीन खुर्च्या आल्या. टेबल मिळालं नाही म्हणून धान्याच्या पोत्यांवर सतरंजी टाकली. यांनी काळा कोट घातला होता. लिंबावर एक कावळा त्या कोटावर नेम धरून बसला होता, पण त्या दिवशी त्यानंही दगा दिला.

यांनी निकाल वाचला. छापील मराठीत, अधूनमधून इंग्रजी, आणि दोन वेळा अमेरिकेचा उल्लेख. तांड्याला त्यातलं काही कळलं नाही. शेवटी मास्तरांनी सोपं करून सांगितलं. नसाबचा निकाल रद्द. पोरगी धावजीच्या घरी राहील. जमनीनं दिराचं घर करावं किंवा एकटीनं माहेरी जावं.

कोणी ओरडलं नाही. जमनी उठून पुढं आली. तिचा आवाज बारीक होता.

"साहेब, त्यानं गूळ खाल्ला. सगळ्याईनं पाह्यलं."

"गुळाची घटनेत तरतूद नाही," हे म्हणाले.

खेमसिंगानं सुखीचा हात धरला. पोरगी आधी गेली, घर ओळखीचंच होतं. मग तिनं वळून पाहिलं, आई येत नाही असं दिसलं, आणि "याडी! याडी!" करून तिनं जो टाहो फोडला, तो मला अजून ऐकू येतो. याडी म्हणजे आई. ते मला कोणी सांगावं लागलं नाही. धावजी मान खाली घालून तिच्यामागं गेला. खटला जिंकलेला माणूस इतका पडलेला मी कोर्टात कधी पाहिला नव्हता.

तेव्हा भुरीबाई उठली. मला वाटलं, आता ही शिव्या देणार. पण ती अगदी अदबीनं बोलली.

"वकीलसाहेब, हे तुमचे कागद दुसऱ्या तांड्याले लागू हायेत काय?"

यांना बरं वाटलं. पहिल्यांदाच कोणी शहाण्यासारखा प्रश्न विचारत होतं. "नाही, भुरीबाई. त्याला अधिकारक्षेत्र म्हणतात. ही घटना फक्त या तांड्याला लागू. सीमा पहिल्याच कलमात आहेत. पूर्वेला नाला, पश्चिमेला गाडीवाट..."

"नाल्याच्या पल्याड?"

"पलीकडं नाही."

"बरं झालं, सांगतलं," म्हणाली, आणि पदर खोचून निघून गेली. हे मला म्हणाले, "पाहिलंस? हळूहळू समज येते." मला मात्र त्या बाईची चाल दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निकालाच्या नकला वाटायला तांड्यावर गेलो. लांबूनच धूळ दिसली. हे म्हणाले, बाजार असेल. बाजार नव्हता. तांडा उठला होता.

मी पुढं पुष्कळ विचारलं तेव्हा कळलं, की यात त्यांना नवल काहीच नव्हतं. नाईकाचं पटलं नाही, की तांडा फुटायचा. दहा घरं आपले बैल घेऊन बाजूला व्हायची, नवा नाईक करायची, आणि तोच नवा तांडा. आजा-पणज्यांपासून हेच चालत आलेलं. हे सगळं यांना कोणीही सांगितलं असतं. पण यांनी विचारलं होतं, रिवाज काय आहेत, आणि तांडा मोडायचा रिवाज असतो हे त्या म्हाताऱ्यांना सांगण्यासारखं वाटलंच नाही.

बायांनी सुरुवात केली होती. कुडाच्या भिंती सोडवून उचलत होत्या, छपराचं गवत पेंढ्या बांधून बैलांवर लादत होत्या. चाळीस वर्षं नांगर चालवणाऱ्या घरांतले ते बैल, पण पाठीवर ओझं चढताना एकही बिचकला नाही. नाल्याच्या पलीकडं रूपसिंगाच्या हाताखालचा कारभारी उत्तमसिंग याचं पडीत रान होतं, तिथं चुली मांडल्या जात होत्या. उत्तमसिंग नवा नाईक. त्याला सकाळी उठल्यावर कळलं होतं.

हे धावत सुटले. "थांबा! हे काय चाललंय? रूपसिंग!"

रूपसिंग डोक्यावर बाज घेऊन नाल्यात उतरत होता. थांबला, पण बाज काही खाली ठेवली नाही. मागून भुरीबाई बोलली, "नायक तिकडंच राह्यला, साहेब, तुमच्या कागदावर. म्या माह्या नवऱ्याले घेऊन जाऊन राह्यली."

दुपारपर्यंत जुन्या जागेवर दोनच गोष्टी उरल्या. धावजीचं घर आणि लिंबाखालच्या तीन खुर्च्या.

धावजीनं धीर धरला. खेमसिंग म्हणे, येतील झक मारत. पण नाल्यापलीकडून भाकरीचा वास येई, ढोलकी वाजे, आणि अलीकडं म्हातारा ओट्यावर चिलीम भरून बसे आणि ती पुढं करायला कोणी नसे. त्यांच्यात चिलीम एकट्यानं ओढणं म्हणजे वाळीत पडलेल्याचं लक्षण. त्याला कोणी वाळीत टाकलं नव्हतं, दंड केला नव्हता, शिवीही दिली नव्हती. तो जिंकला होता आणि एकटा उरला होता. सुखी नाल्याच्या काठावर जाऊन बसायची. पलीकडं जमनी बसायची. मधे घोटाभर पाणी. भुरीबाईनं जमनीला ओलांडू दिलं नाही. "तू गेली तं थे त्यायचं राज्य हाय," ती म्हणाली. "त्याले येऊ दे."

तो आला. आम्ही अजून मास्तरांकडंच होतो, कारण यांना निकालाची अंमलबजावणी झाल्याचा दाखला हवा होता आणि तो देणारा कोणी नव्हता. एका सकाळी आम्ही नाल्यावर गेलो तेव्हा धावजी धोतर वर खोचून नाल्यात उतरला होता, आणि सुखी त्याच्या खांद्यावर, दोन्ही हातांनी त्याचं पागोटं धरून.

"धावजी!" हे काठावरून ओरडले. तो थांबला नाही. तेव्हा हे बुटांसकट पाण्यात उतरले. "अहो धावजी, निकाल तुमच्या बाजूनं हाय! कायद्यानं पोरगी तुमची हाय! काहून देऊन राह्यले? तुमाले समजत काहून नाही?"

अमेरिकेहून आल्यापासून पहिल्यांदाच यांच्या तोंडून आमची भाषा निघाली होती. घाबरल्यावर माणूस घरचं बोलतो.

धावजी वळला. "साहेब, निकालासंग चिलीम ओढता येते काय?"

आणि तो पलीकडं गेला. काठावर चढताच म्हणाला, नसाब बसवा. नव्या तांड्याचा हा पहिला नसाब. यावेळी भांडण झालं नाही, कारण सगळं आधीच भांडून झालं होतं. तोच निकाल. होळीला येईल, तीजेला येईल, लग्न आज्याच्या दारातून लागेल. गूळ आला. धावजीनं खाल्ला. खेमसिंग अलीकडं एकटाच लिंबाखाली उभा होता, मंडळाच्या खुर्चीवर हात ठेवून. त्याच्याकडं कोणी पाहिलंसुद्धा नाही.

जमनी ढाणकीला निघाली तेव्हा गाडी आमच्याजवळ थांबली. सुखी तिच्या मांडीवर झोपली होती, तोंडाला गूळ चिकटलेला. माझ्या नवऱ्यानं काय केलं ते जमनी विसरली नव्हती, पण माझ्यावर तिचा राग नव्हता. ती हसून म्हणाली, "ताई, तुमी बी या न नाल्याच्या इकडं. एक कुड उभा करून देऊ." मीही हसले. गाडी गेल्यावर हसू थांबलं. माझं घर पुसदला, पक्क्या विटांचं. दारावर वकिलीची पाटी, सिमेंटात बसवलेली.

यांचा लेख अमेरिकेत छापून आला. मला मोठ्या अभिमानानं अर्थ सांगितला. त्यात एक वाक्य असं होतं, की पुनर्विलोकन मंडळाच्या निकालाविरुद्ध तांड्याच्या सीमेतल्या एकाही रहिवाशाची आज तक्रार नाही. ते खरं होतं. सीमेत रहिवासीच नव्हता. धावजीनं घर नाल्यापलीकडं हलवलं होतं, आणि खेमसिंगही महिन्याभरात वणीकडं खाणीत कामाला निघून गेला होता. प्रोफेसरनं अभिनंदनाचं पत्र पाठवलं, आणि हे तसबिरीखाली उभं राहून ते मला वाचून दाखवत होते.

मी स्वयंपाकघरात गेले. डब्यातून गुळाचा खडा काढला, बशीत ठेवला, आणि बशी त्यांच्या पत्रावर ठेवली.

"हे काय?"

"म्या उद्या सकाळच्या मोटरीनं नागपूरले जाऊन राह्यली. हंसाले आनाले. खाता काय?"

"विमल, तो निर्णय झालेला आहे."

"एकानं केलेला हाय थो. नसाब बसला नाही." बारा वर्षांच्या संसारात मी असं बोलले नव्हते. "माह्याकडून बोलाले भुरीबाई नाही, कारभारी नाही. म्या एकलीच हाव. तुमाले भांडाचं असन तं भांडा, म्या रातभर बसतो. पण शेवटी गूळ खा लागते."

ते भांडले नाहीत. भांडायचं कसं, तेच त्यांना येत नव्हतं. त्यांना निकाल देता यायचा आणि निकाल फिरवता यायचा. बशी बाजूला सारून त्यांनी पत्राची घडी घातली आणि झोपायला गेले.

मी सकाळी निघाले. यवतमाळला गाडी बदलली, नागपूरला उतरले. बोर्डिंगच्या बाईंनी वडिलांची सही मागितली, तर मी म्हटलं, सही नंतर येईल, पोरगी आधी द्या. माझ्या तोंडाकडं पाहून त्यांनी दिली. परतीच्या मोटरीत हंसा माझ्याकडं संशयानं बघत होती. यवतमाळ मागं पडल्यावर तिनं हळूच विचारलं, "आई, तुम्ही मला परत पाठवणार का?"

"तू म्हन," मी म्हटलं. "आई, तू."

घरी पोचलो तेव्हा हे ओसरीवर बसले होते. काळा कोट नव्हता, हातात काही कागद नव्हता. पोरगी बिचकत त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. मी आत गेले. बशी टेबलावरच होती, रिकामी, आणि मुंग्यांची एक ओळ तिच्या काठावरून उतरून जात होती. यांनी गूळ खाल्ला की मुंग्यांनी नेला, मला कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात बाहेरून यांचा आवाज आला, अगदी जुना, अमेरिकेच्या आधीचा.

"हंसे, तुह्या मायले म्हन, पोट्टी भुकेजली हाय. अन् ठेचा कर म्हन."

मी बशी उचलली आणि धुवायला घेतली.